वृद्धिंगत : फोड, उगम आणि पत्रिकेपासून पाटीपर्यंत नीट लिहिण्याची रीत

दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात नाशिकमधल्या एखाद्या डीटीपीच्या (संगणकावर मजकूर जुळवण्याच्या) टेबलाशी अर्धा तास उभे राहा. दुकानांच्या उद्घाटनाच्या पत्रिका, शुभेच्छांचे फ्लेक्स, पतसंस्थेचा अहवाल असे काहीही आले तरी त्यात एक शब्द हमखास असतो आणि तो दर वेळी वेगळा लिहिलेला असतो. वृध्दिंगत, वृद्धींगत, व्रुद्धिंगत, वृद्धिगंत. चारही चूक. बरोबर रूप एकच : वृद्धिंगत.

हे रूप घोकून पाठ करण्यात अर्थ नाही, कारण आठवड्याभरात बोटे पुन्हा जुन्या वळणावर जातात. शब्द कुठून आला ते एकदा कळले की प्रत्येक खूण कशासाठी आहे हे कळते, मग ती सुटत नाही. छपाईच्या, फ्लेक्सच्या किंवा मुद्रितशोधनाच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी ही फोड.

पहिली पायरी : शब्द मोडून बघा

वृद्धिंगत म्हणजे वृद्धिं + गत. 'वृद्धिम्' ही संस्कृतातली द्वितीया, म्हणजे 'वाढीला', 'वाढीप्रत'. 'गत' म्हणजे गेलेला. वाढीला गेलेला, वाढीस लागलेला, वाढलेला. हा समास आहे, आणि होणारा शब्द विशेषण आहे.

'वृद्धि'चे मूळ 'वृध्' या धातूत : वाढणे. याच घराण्यातले बाकीचे शब्द तुमच्या रोजच्या कामात येतातच. वर्धन, संवर्धन, वर्धमान, वर्धापनदिन आणि शिवरायांच्या राजमुद्रेतला 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः' हा वर्धिष्णू. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी मुद्रा. आपले घरगुती 'वाढणे'ही इथलेच : संस्कृत वर्धते, प्राकृत वड्ढइ, मराठी वाढे. म्हणजे 'वाढलेला' आणि 'वृद्धिंगत' ही एकाच मुळाची दोन रूपे. एक पायी चालत, झिजत आपल्यापर्यंत आले, दुसरे जसेच्या तसे पोथीतून उचललेले.

'समृद्ध' मात्र या घरातला नाही, दिसायला कितीही जवळचा असला तरी. तो सम् + ऋद्ध, धातू 'ऋध्'. ऋद्धि-सिद्धीतली ऋद्धि तीच. म्हणून 'समृद्ध'मध्ये 'व' शोधू नका.

वृद्धि हा शब्द शुभ मानतात, आणि ते आजचे नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायी या संस्कृत व्याकरणग्रंथाचे पहिलेच सूत्र 'वृद्धिरादैच्' असे आहे. तिथे वृद्धि ही आ, ऐ, औ या स्वरांची पारिभाषिक संज्ञा आहे, पण ती सगळ्यात आधी का आणली याचे उत्तर पतंजलीने त्यावरच्या महाभाष्य या टीकेत दिले : मंगलासाठी. ग्रंथाची सुरुवात 'वाढ' या शब्दाने व्हावी. पत्रिकेत हा शब्द घालणारा गिऱ्हाईक नकळत तेच करत असतो. मूल जन्मले की घरात 'वृद्धी आली' असे आजही म्हणतात, तिथेही शब्द हाच.

दुसरी पायरी : 'द' आधी, 'ध' नंतर

सगळ्यात जास्त होणारी चूक इथली आहे, म्हणून जरा थांबून बघू.

वृध् या धातूला 'ति' हा प्रत्यय लागून वृद्धि होते. वृध् + ति. आता 'ध्' आणि 'त्' शेजारी आले. संस्कृताच्या संधिनियमाने पुढच्या 'त्'चा 'ध्' होतो आणि आधीच्या 'ध्'चा 'द्' होतो. म्हणून द् + ध. पहिला हलका, दुसरा जड. तोंडाने हळू म्हणून बघा : वृद्-धि. 'वृध्-दि' असे सहज म्हणता येतच नाही, जीभ अडखळते.

हाच नियम बुध् + त = बुद्ध, शुध् + त = शुद्ध, युध् + त = युद्ध, सिध् + त = सिद्ध यांना. पद्धत, उद्धार, श्रद्धा यांची फोड वेगळी आहे, पण तिथेही 'द' आधी आणि 'ध' नंतरच. मराठीत 'ध्द' हे जोडाक्षर लागेल असा शब्द तुमच्या कामात येणार नाही. हे लक्षात असले की एक फार सोयीची युक्ती हाती येते : युनिकोडमध्ये (संगणक-मोबाइलवरच्या आजच्या अक्षरसंकेतात) असलेल्या मजकुरात 'ध्द' शोधून सगळीकडे एकदम 'द्ध' करा. वृद्धिंगतबरोबर प्रसिद्ध, श्रद्धांजली, पद्धत, सिद्धार्थ सगळे एका दमात सुधारतात. ही अदलाबदल डोळे मिटून केली तरी चालते. बाकीच्या बहुतेक अदलाबदली तशा चालत नाहीत.

ही चूक इतकी फोफावली कशी? एक कारण जुन्या फॉन्टमध्ये आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये अक्षरांचे आकार कळांवर बसवलेले असत. 'द्ध' या पूर्ण आकाराची कळ वेगळी असे. ती आठवली नाही, की ऑपरेटर अर्धा 'ध' टाकून पुढे पूर्ण 'द' टाकी. दिसायला भरगच्च दिसे, गिऱ्हाईक पास करी. त्या फायली नमुना म्हणून पुढच्या पत्रिकांना वापरल्या गेल्या आणि चूक पिढीजात झाली. आजही जुन्या फायलीतून मजकूर उचलून युनिकोडमध्ये बदलताना चूक जशीच्या तशी सोबत येते. हा बदल करणारा परिवर्तक अक्षरे बदलतो, शुद्धलेखन नाही.

डोळ्याने ओळखायचे तर : बरोबर जोडाक्षरात 'द' वर असतो आणि 'ध' त्याच्या पोटाखाली अडकवलेला दिसतो. चुकीच्या रूपात दांडी गेलेला 'ध' डावीकडे आणि अख्खा 'द' उजवीकडे, शेजारी शेजारी. एखाद्या फॉन्टमध्ये जोडाक्षराचा आकारच नसेल, तर 'द'चा पाय मोडून पुढे 'ध' दिसेल. ते दिसायला ओबडधोबड, पण चूक नाही.

आणखी एक सापळा त्याच पत्रिकेत बसलेला असतो : उद्घाटन. तिथे उद् + घाटन, म्हणजे द् + घ. लहान टाइपात 'द्घ' आणि 'द्ध' जुळ्यांसारखे दिसतात, त्यामुळे 'उद्धाटन' असा शब्द छापून जातो आणि कुणाला कळत नाही. पत्रिकेचा प्रूफ दीडपट मोठा करून हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा. 'घ'ची शिरोरेषा सलग, 'ध'ची डावीकडे तुटलेली. जोडाक्षरात शिरोरेषा जाते, तेव्हा आतल्या वळणावरूनच ओळखावे लागते. खात्री नसेल तर 'द' आणि पुढचे अक्षर मोडून पुन्हा टाइप करा.

तिसरी पायरी : अनुस्वार कुठून आला

समासात आधीच्या पदाची विभक्ती गळून पडते. राजाचा पुत्र तो राजपुत्र, 'चा' गेला. त्या हिशेबाने 'वृद्धिगत' व्हायला हवे. पाणिनीने द्वितीया तत्पुरुषाच्या सूत्रात श्रित, अतीत, पतित यांच्याबरोबर 'गत' हा शब्द नाव घेऊन दिला आहे, म्हणजे अशा समासाची वाट आधीपासून मोकळी आहे. पण मराठीत रुळलेल्या रूपात 'म्' गळला नाही, तो अनुस्वार होऊन डोक्यावर बसला. विभक्ती न गळणाऱ्या अशा समासाला शाळेत अलुक् तत्पुरुष म्हणून शिकवतात. युधिष्ठिर, सरसिज, अग्रेसर ही पुस्तकातली उदाहरणे. वृद्धिंगत त्याच रांगेतला.

त्याचे दोन सख्खे भाऊ आहेत : दिवंगत आणि अस्तंगत. दिवम् म्हणजे स्वर्गाला, दिवं गत. अस्तं गत, मावळलेला. तिघांचा साचा एकच, त्यामुळे एक नीट लिहिता आला की तिन्ही येतात. (साचा एकच असल्याचा एक धोकाही आहे. घाईत सुचवणीच्या यादीतून शब्द निवडताना शुभेच्छांच्या फ्लेक्सवर 'दिवंगत' चढला, तर फ्लेक्स उतरवायला गिऱ्हाईक नव्हे, त्याचे अख्खे घर येईल.)

अनुस्वार गाळला तर काय बिघडते? 'गत'चा दुसरा अर्थ पुढे येतो : '-च्या ठायी असलेला', जसा व्यक्तिगत, वर्गगत. 'वृद्धिगत' वाचणाऱ्याला 'वाढीसंबंधीचा' असे वाटू शकते. अनुस्वाराने 'वाढीला गेलेला' हा अर्थ पक्का होतो. उच्चारही त्याने ठरतो : पुढे 'ग' असल्याने 'ङ्' येतो, वृद्धिङ्गत.

चौथी पायरी : वेलांटी पहिली

नुसता शब्द लिहिताना 'वृद्धी', दुसरी वेलांटी. कारण मराठी नियमाने शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहितात. पण तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, ऱ्हस्व इकारान्त शब्द समासात पहिल्या जागी आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो. बुद्धी पण बुद्धिबळ, कवी पण कविसंमेलन, वृद्धी पण वृद्धिदर. म्हणून वृद्धिंगत. महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या १४ नियमांत आणि १९७२ च्या ४ पुरवणी नियमांत मिळून हे सगळे बसते. वृद्धींगत लिहिणारा बहुधा 'वृद्धी'ला नुसतेच 'गत' चिकटवत असतो.

सुरुवातीचा 'वृ' ऋकाराचा. आपण उच्चार 'व्रु' करतो म्हणून तसा लिहायचा नाही. कृपा, मृदू, गृह यांच्यासारखा.

पाचवी पायरी : टंकन

इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कळफलकावर नऊ कळा लागतात, या क्रमाने : 'बी' (व), बरोबरच्या चिन्हाची कळ (ृ), 'ओ' (द), 'डी' (पाय मोडणे), शिफ्टसह 'ओ' (ध), 'एफ' (पहिली वेलांटी), 'एक्स' (अनुस्वार), 'आय' (ग), 'एल' (त). 'द' आणि 'ध' एकाच कळेवर आहेत, आधी साधी, मग शिफ्टसह. हा क्रम बोटांना बसला की 'ध्द' होणारच नाही.

वेलांटी दिसते आधी पण टाइप करायची नंतर. जुन्या फॉन्टवरून आलेल्यांना हेच जड जाते. ते वेलांटी आधी दाबतात आणि 'वृ'ला चिकटवतात. अनुस्वारही वेलांटीनंतरच. उलटे केले तर बऱ्याच ठिकाणी ठिपक्यांचे पोकळ वर्तुळ उमटते. ते दिसले की वरून दुरुस्ती करत बसू नका, 'ध'पर्यंत मागे खोडून पुन्हा लिहा. मोबाइलवर बोलून किंवा रोमन अक्षरांतून लिहीत असाल तर सुचवलेल्या यादीतला पहिला शब्द लगेच उचलू नका. यादी लोकांच्या सवयीवर चालते, आणि सवयीचे वर सांगितलेच.

सहावी पायरी : पाटी आणि ॲक्रिलिक

हाताने रंगवताना किंवा अक्षरे कापून बसवताना डावीकडून क्रम असा : वृ, वेलांटीची दांडी, द्ध, ग, त. वेलांटीची दांडी पूर्ण जोडाक्षराच्या डावीकडे येते, 'द' आणि 'ध' यांच्या मधे घुसवायची नाही. अनुस्वाराचा ठिपका वेलांटीच्या कमानीच्या उजव्या टोकाशी, 'द्ध'च्या वर. तो जागा नाही म्हणून थोडा उजवीकडे सरकवला की 'ग'वर जातो आणि 'वृद्धिगंत' तयार होते. पाट्यांवर दिसणारी ही चूक शुद्धलेखनाची नाही, जागेची आहे. उपाय : कमान थोडी आखूड घ्या, ठिपका हलवू नका.

व्हिनाइल किंवा ॲक्रिलिक कापताना शिरोरेषेमुळे शब्द सलग निघतो, ठिपका मात्र सुटा तुकडा असतो. तो कापणीच्या कचऱ्यात जातो, किंवा पहिल्या पावसाळ्यानंतर गळून पडतो. ठिपक्याचा व्यास दांडीच्या जाडीपेक्षा कमी ठेवू नका, आणि अक्षरे ताब्यात घेताना ठिपका वेगळा मोजून घ्या.

सातवी पायरी : वाक्यात बसवणे

शब्द लिंग-वचनाने बदलत नाही. व्यवसाय वृद्धिंगत झाला, कीर्ती वृद्धिंगत झाली, ज्ञान वृद्धिंगत झाले. सोबत 'होणे' किंवा 'करणे'. शुभेच्छेत : 'हा स्नेह उत्तरोत्तर वृद्धिंगत होवो.' 'वृद्धिंगत वाढ' किंवा 'वृद्धिंगत विकास' लिहू नका, वाढ शब्दाच्या पोटात आहेच.

कशाबरोबर चालतो हे जास्त महत्त्वाचे. स्नेह, लौकिक, कीर्ती, वैभव, विश्वास, व्यवसाय, परंपरा : ज्याची वाढ हवीशी आहे आणि जे हातात धरता येत नाही, अशाबरोबर तो शोभतो. पतसंस्थेच्या अहवालात 'सभासदांचा विश्वास वृद्धिंगत झाला' चालेल. 'थकबाकी वृद्धिंगत झाली' लिहिले तर सभेत हशा होईल. रुग्णसंख्या, कर्ज, डास, पेट्रोलचे भाव हे सगळे 'वाढतात'. गोदावरीला पूर आला की पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले असे शहर म्हणते. तिथे 'पातळी वृद्धिंगत' म्हणणारा नाशिकचा नसावा.

शेतात तर हा शब्द अजिबात चालत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत मणी फुगतो, फुगवण चांगली झाली म्हणतात. कांदा पोसतो. वेल जोम धरतो. प्रत्येक वाढीला तिचे क्रियापद आहे आणि ते सोडून 'मण्यांचा आकार वृद्धिंगत करणारे औषध' अशी जाहिरात लिहिली, तर बागाईतदार बाटली खाली ठेवतो. शेतीच्या जाहिरातीत विशेषणच हवे असेल तर 'भरघोस' आहे. घोस म्हणजे फळांचा झुपका. शब्द शेतातलाच आहे.

मग पत्रिकेत साधे 'वाढो' का नको? व्यवसाय वाढो, स्नेह वाढो हे उत्तम मराठी आहे आणि आमच्या मते निम्म्या पत्रिकांत तेच जास्त गोड वाचले जाईल. फक्त 'वाढवणे'शी सांभाळून. नारळ वाढवतात म्हणजे फोडतात. दुकान वाढवतात म्हणजे रात्री बंद करतात. बांगडी वाढवतात म्हणजे ती फुटते किंवा उतरवतात. अशुभ शब्द तोंडी येऊ नये म्हणून मराठीने उलटा शब्द वापरला. त्यामुळे 'आपण आमचे दुकान वाढवावे' अशी नम्र विनंती मेन रोडवरच्या जुन्या व्यापाऱ्याच्या कानाला भलतीच लागते. 'वृद्धिंगत'ला असा दुसरा अर्थ नाही.

'वृद्ध'ही टाळा. मूळ अर्थ 'वाढलेला' हाच, पण मराठीत तो म्हाताऱ्यावर स्थिरावला. ज्ञानवृद्ध, वयोवृद्ध ठीक; 'स्नेह वृद्ध होवो' नको.

आठवी पायरी : शंका आली तर

दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (सात खंड, १९३२ ते १९३८) आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) दोन्ही आता संगणकावर शोधता येतात. शोधताना 'वृ' ऋकारानेच टाका. कोशातली 'वि.' ही खूण विशेषणाची, 'सं.' संस्कृताची, मोल्सवर्थमध्ये कंसातला 'एस' संस्कृतासाठी. जुन्या कोशांत नुसता शब्द 'वृद्धि' असा ऱ्हस्व सापडेल. ते तेव्हाचे लेखन आहे, ते बघून आजच्या मजकुरातल्या 'वृद्धी'ची वेलांटी बदलू नका.

आता एक कच्चा मजकूर घ्या, जसा व्हॉट्सॲपवर येतो तसा :

'आमच्या नविन दालनाचे उद्धाटन आपल्या शुभहस्ते होत आहे. आपल्या आशिर्वादाने व्यवसाय वृध्दींगत होऊन वाढावा व आपला स्नेह वृद्ध व्हावा.'

'नविन'ची वेलांटी दुसरी हवी. 'उद्धाटन'मध्ये 'ध' काढून 'घ'. 'आशिर्वाद'मध्ये 'शी' दीर्घ. 'वृध्दींगत'मध्ये दोन चुका, जोडाक्षर उलटे आणि वेलांटी दुसरी. 'होऊन वाढावा' जादा. 'वृद्ध'ला रजा. 'शुभहस्ते' राहू द्या, गिऱ्हाईक ते काढू देणार नाही. प्रूफ असा जाईल :

'आमच्या नवीन दालनाचे उद्घाटन आपल्या शुभहस्ते होत आहे. आपल्या आशीर्वादाने व्यवसाय वृद्धिंगत व्हावा आणि आपला स्नेह असाच वाढत राहावा.'